विहिरीच्या नावावरचं पाणी

चेकरसाहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे डोळे काही निवृत्त झाले नव्हते. उभी हयात त्यांनी बसमध्ये चढून लोकांची तिकिटं तपासली होती. कोण खिडकीबाहेर जरा जास्तच रस घेऊन बघतोय, कुणाला नेमकी आत्ताच झोप लागलीय, कोण सगळे खिसे चाचपतोय पण एक खिसा चुकवतोय, हे त्यांना दारातूनच कळायचं. अशा माणसाला घरी बसवलं की काय होतं? घरातले आणि शेजारपाजारचे सगळे विनातिकीट दिसायला लागतात. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर नक्कीच पाणी. सूनबाई फोनवर हळू बोलली तर आपल्याबद्दल, मोठ्यानं बोलली तर आपल्याला ऐकवायला. गल्लीत त्यांना तोंडावर चेकरसाहेब म्हणत आणि पाठीमागे शंकासूर. हे दुसरं नावही त्यांना ठाऊक होतं. ते कुणी ठेवलं असावं, याबद्दल त्यांचा एक संशयही होता.

आणि अशा माणसाच्या शेजारी कोण राहायला यावं? तर किल्लीवाला. खाली दुकान, वर घर. एखादी किल्ली हातात घेऊन नुसती बघितली, तरी तिची जोड घडवून देणारा माणूस. अर्ध्या वस्तीच्या किल्ल्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. "इतक्या घरांच्या किल्ल्या ज्याला ठाऊक, तो रात्री झोपतो तरी कसा?" असं चेकरसाहेब सूनबाईला विचारत. सूनबाई म्हणे, "बाबा, तो तुमच्या घोरण्याचीही तक्रार करत नाही, तुम्ही कशाला त्याच्या झोपेची चौकशी करता?"

खरं म्हणजे किल्लीवाला इतका भोळा होता की त्याची कीव यावी. कुणीही येऊन "घराची किल्ली हरवली हो" म्हटलं की हा निघालाच पिशवी घेऊन. पैसे नंतर दिले तरी चालतील. नाही दिले तरी आठवण करून देणार नाही. चेकरसाहेबांच्या मते इतकं भोळं कुणी नसतंच. जो इतका भोळा दिसतो, तो तसा दिसायला मेहनत घेत असला पाहिजे.

वस्ती शहराच्या कडेला होती. तिथे ना पाण्याची लाइन पोचली होती, ना गटारांची. प्रत्येकाची आपापली विहीर, तिच्यावर पंप, आणि मागच्या अंगाला मैल्याची टाकी आणि शोषखड्डा. कुणाला एक खोली जरी वाढवायची असली, तरी नियोजन ऑफिसची परवानगी लागायची, आणि त्याच ऑफिसातला पर्यावरण विभाग विहिरींचं पाणी तपासून द्यायचा. त्या विभागाच्या निरीक्षक बाईंना वस्तीत सगळे पाणीवाल्या बाई म्हणत. तिशीतल्या, भरभर चालणाऱ्या, पायात कायम गमबूट. त्या आल्या की कुणाच्या ना कुणाच्या अंगणातलं झाकण उघडायचं.

तर एके दिवशी किल्लीवाल्याच्या फाटकावर नियोजन ऑफिसची सूचना लागली. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली, तिला लागून संडास-न्हाणी, आणि त्यासाठी नवा शोषखड्डा. कुणाची हरकत असल्यास सुनावणीला यावं. चेकरसाहेबांनी ती सूचना चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून वाचली आणि घरी येऊन म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"खोली किल्लीवाल्याच्या आईंसाठी आहे," सूनबाई म्हणाली. "वर्ष झालं म्हातारीला पडून. खुब्याचं हाड मोडल्यापासून वरच आहे ती. जिना उतरता येत नाही. अंगणात बसायचंय म्हणते, बास."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. खिडकीतून."

"मग तेच सांगणार ती."

सूनबाईला सातवा महिना लागला होता आणि वाद घालायची ताकद ती जपून वापरत असे. ती आत गेली.

सुनावणी नियोजन ऑफिसच्या एका लांबट खोलीत होती. टेबलापलीकडे नियोजन अधिकारी आणि पाणीवाल्या बाई, अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या. किल्लीवाल्यानं नकाशा उलटा धरला होता. तो अधिकाऱ्यांनीच सुलटा करून घेतला. चेकरसाहेब उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी हरकत आहे. त्यांचा नवा खड्डा माझ्या विहिरीच्या फार जवळ येतो."

बाईंनी पट्टीनं मोजलं. बरोबर होतं, नियमात बसायला थोडं अंतर कमी पडत होतं. "पण सवलत देता येते," त्या म्हणाल्या. "आज टाकी आहेच त्यांची तिथे. एवढी वर्षं ती असूनही तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं असेल, तर जमीन नीट गाळतेय असा अर्थ. पाणी खराब निघालं तर मात्र परवानगी नाही. उलट जुनी टाकीही उकरून बघावी लागेल." आणि त्यांनी चेकरसाहेबांपुढे एक छोटी बाटली ठेवली. "आतून निर्जंतुक केलेली आहे, धुवू नका. नमुना तुम्हीच भरून आणायचा. भरल्यावर चिठ्ठीवर सही करा की तुमच्याच विहिरीचं पाणी आहे."

"मीच भरायचा? तुम्ही नाही?"

"सगळे रहिवासी असेच आणतात, काका. आम्ही दोघंतिघं माणसं, कुठे कुठे जाणार? विश्वासावर चालतं."

विश्वासावर! चेकरसाहेबांच्या कानात तो शब्द माशीसारखा शिरला. तक्रार करणाऱ्याच्याच हातात पुरावा द्यायचा, हे कुठलं सरकारी काम? मग त्यांना आठवलं. मागच्याच आठवड्यात बाई किल्लीवाल्याच्या दुकानात आल्या होत्या. त्यानं हसत हसत काहीतरी त्यांच्या हातात ठेवलं, त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि निघून गेल्या. ऑफिसच्या कपाटाची जोडकिल्ली असेलही. पण पावती दिली नाही, घेतली नाही, आणि दोघं हसत होते. आता चित्र स्पष्ट झालं. बाटली कुठली भरता आणि काय भरता, याच्याशी त्यांना देणंघेणंच नाही. झाकण न उघडताच 'पाणी उत्तम' असा निकाल लिहून ठेवला असणार.

नोकरीत असताना चेकरसाहेबांची एक युक्ती होती. एखाद्या कंडक्टरवर संशय आला की ते आपल्या ओळखीच्या माणसाच्या हातात कालचं तिकीट देऊन त्याला बसमध्ये चढवत. कंडक्टर तिकीट खरंच बघतो, की नुसती मान हलवून पुढे जातो, ते अशानं कळायचं. त्या माणसाला ते खोटा प्रवासी म्हणत. कित्येक कंडक्टर त्यात सापडले. नियोजन ऑफिसमध्येही एक खोटा प्रवासी चढवायचा, असं त्यांनी खुर्चीतून उठता उठताच ठरवलं.

गल्लीच्या टोकाला, जिथे सगळ्यांचं सांडपाणी उताराला जाऊन साचायचं, तिथे एक डबकं होतं. भर दुपारी, सगळे आडवे झालेले बघून, चेकरसाहेब तिथे गेले. वरचं वरचं पाणी त्यांनी तांब्यात घेतलं, घरी आणून जुन्या बनियनच्या चौपदरी तुकड्यातून गाळलं, पुन्हा गाळलं. दिसायला अगदी नितळ झालं. नाकाजवळ नेल्यावर मात्र ते जे काय होतं ते होतं. त्यांनी बाटली भरली, चिठ्ठीवर आपल्या विहिरीचं नाव लिहिलं आणि ठसठशीत सही ठोकली. बाटली ऑफिसात नेऊन देताना छातीत नोकरीतल्यासारखी मजेदार धडधड झाली. या पाण्यालाही 'उत्तम' म्हणाले की धरलेच! मग वरच्या साहेबांकडे जायचं, डबकं दाखवायचं, सगळ्यांचा बुरखा फाडायचा.

ऑफिस प्रामाणिक असेल तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती शक्यता त्यांच्या मनात आलीच नव्हती.

निकाल टपालानं आला नाही, बाईच घेऊन आल्या. गाडी दारात थांबली आणि त्या जवळजवळ पळतच आत शिरल्या. "काका, घरात कुणी आजारी आहे का? जुलाब, ताप? हे पाणी किती दिवस पिताय तुम्ही?" तेवढ्यात त्यांचं लक्ष सूनबाईकडे गेलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अरे देवा. तुम्ही आजच डॉक्टरांना दाखवा. आजच." त्यांनी स्वतः पंपाची वायर काढली आणि विहिरीच्या तोंडावर लाल पट्टी बांधली. पुढची सुनावणी होईपर्यंत थेंबही वापरायचा नाही.

सूनबाई पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली. चेकरसाहेबही मटकन बसले, पण त्याचं कारण वेगळं होतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं होतं. बाटली उघडली होती. पाणी तपासलं होतं. खरं ते लिहिलं होतं.

आता सरळ माणूस तिथल्या तिथे म्हणाला असता, "बाई, थांबा, माझी चूक झाली." पण सरळ माणसानं डबक्यातलं पाणी गाळलंच नसतं. चेकरसाहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यांना चिठ्ठीवरची सही आठवली. खोटा नमुना देणं हा गुन्हा आहे, असं खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते त्यांनी वाचलेलं होतं, कारण बारीक अक्षर ते नेहमी वाचत. भर बसमध्ये ज्यांना त्यांनी कान धरून उतरवलं होतं, ती सगळी माणसं एकदम त्यांच्याकडे वळून बघताहेत असं वाटलं. ते म्हणाले, "डॉक्टरांकडे जाऊ आपण, सूनबाई." बाकी मूग गिळले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. सगळ्या चांगल्या आल्या, पण त्या येईपर्यंत सूनबाई जेवली नाही, आणि मुलगा परगावच्या नोकरीवरून दर तासाला फोन करत राहिला. दरम्यान चेकरसाहेबांचं मन पळवाटा शोधत होतं. कुणास ठाऊक, विहिरीचं पाणी खरंच खराब असेल. कुणास ठाऊक, खरं पाणी दिलं असतं तरी त्यांनी हेच लिहिलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात किल्लीवाला, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. त्याची नजर वर होत नव्हती.

"काका, आमची विहीर पलीकडच्या अंगाला आहे. तिचं पाणी बाईंनी स्वतः तपासलंय, चांगलं आहे. मी रोज आणून देत जाईन. वहिनींना या दिवसांत... माझ्या टाकीमुळे... मला कसं सांगावं तेच कळत नाही." आणि त्याचे डोळे भरून आले.

चेकरसाहेबांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? हाच, की याला काय हवंय? रडून हरकत मागे घ्यायला लावणार. त्यांनी कॅन घेतले. सूनबाईनं त्यातलं पाणी उकळून ठेवलं, आणि आपल्या वाटणीचं चेकरसाहेबांनी हळूच मागच्या कुंड्यांना घातलं. न जाणो. दुसऱ्याही दिवशी तो आला, तिसऱ्याही दिवशी आला. परवानगीचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. एकदा तर चेकरसाहेबांनीच खडा टाकून बघितला, "तुमच्या खोलीचं काय झालं?" तर तो म्हणाला, "खोली कसली काका, आधी तुमचं पाणी नीट होऊ दे." त्या उत्तरात कुठे फट सापडते का, हे शोधण्यात चेकरसाहेबांची दुपार गेली. सापडली नाही. तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

ते स्वतः काय पीत होते? तर आपल्या विहिरीचं पाणी. ते चांगलं आहे हे सगळ्या वस्तीत त्यांना एकट्यालाच माहीत होतं. दुपारी सूनबाई पडली की ते पट्टीखालून बादली सोडत. एकदा तिनं बघितलं.

"बाबा! अहो, काय करताय हे? तेच पाणी पिताय?"

"अगं, चांगलं आहे ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

हाच तो क्षण होता. समोर घरचंच माणूस, दुसरं कुणी ऐकायला नाही. चेकरसाहेब म्हणाले, "चवीवरून कळतं." सूनबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. म्हातारा भ्रमिष्ट व्हायला लागला, असं तिला वाटत होतं. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोनवर तेच सांगितलं, हळू आवाजात. या वेळी ते खरंच त्यांच्याबद्दल होतं.

मग किल्लीवाल्याची टाकी उकरायला सुरुवात झाली. एक मजूर आणि तो स्वतः. दुकान बंद. सगळ्या गल्लीत वास, सगळ्या खिडक्या बंद, आणि जाता येता लोक नाकाला रुमाल लावून टोमणे मारत होते. "दुसऱ्यांची कुलपं उघडता उघडता स्वतःचं झाकण उघडावं लागलं रे!" तो कानकोंडा होऊन हसे. टाकी रिकामी झाली. पाणीवाल्या बाई गमबुटांसकट आत उतरल्या, भिंतींवर हातोडीनं ठोकून बघितलं. कुठे चीर नाही, कुठे ओल नाही. बाई वर आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"टाकी ठणठणीत आहे. मग विहिरीत मैला येतो कुठून? तुम्ही दुसरा एखादा पाइप सोडलाय का जमिनीत? चोरून?"

"नाही हो बाई."

"खरं सांगा. आत्ता सांगितलंत तर निभावेल. नंतर सापडलं तर काही खरं नाही तुमचं."

"मला खरंच माहीत नाही," किल्लीवाला म्हणाला.

चेकरसाहेब पडद्याआड उभे होते. तो चेहरा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. ज्यानं तिकीट काढलेलं असतं, पण ऐनवेळी सापडत नाही, त्याचा तो चेहरा. असा माणूस सगळ्या बससमोर खिसे उलटे करतो, लाल होतो, आणि शेवटी आपणच चोर आहोत अशी त्याचीच खात्री पटायला लागते. नोकरीत असा चेहरा दिसला की चेकरसाहेब दंड न करता पुढे जात. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. आज त्यांना पुढे जायला जागा नव्हती.

त्याच वेळी वरच्या खिडकीतून म्हातारीचा आवाज आला, "अरे, जेवायला ये रे आधी. सकाळपासून काही नाही पोटात." आणि किल्लीवाला खालून ओरडला, "हात बरबटलेत गं आई, तू घे खाऊन." चेकरसाहेबांनी पडदा सोडून दिला आणि चपला घातल्या.

ते थेट ऑफिसात गेले, म्हणजे जायला निघाले. निम्म्या वाटेवरून परतले. पुन्हा निघाले, फाटकापर्यंत पोचले, आणि फाटकावरच्या माणसाला पंपाचा परवाना कुठे मिळतो असं काहीतरी भलतंच विचारून घरी आले. तिसऱ्यांदा मात्र बाईच समोरून आल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

"बाई, तो नमुना माझ्या विहिरीचा नव्हता," चेकरसाहेब म्हणाले. "मी डबक्यातलं पाणी भरलं. तुमची परीक्षा घ्यायला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी आपणहून आलोय."

"काका, मी हे काम रोज करते. निकाल लागला की शेजारी समेट करतात. मग हरकत घेणाराच येतो आणि म्हणतो, नमुना चुकीचा होता. किल्लीवाल्यांनी तुमच्यावर दबाव आणलाय का? की रोज पाणी आणून देतात म्हणून तुम्हाला भीड पडलीय? तुमच्या घरात गरोदर बाई आहे. तिच्या जिवाशी खेळ करू नका."

"अहो, मी खरं सांगतोय!"

"सगळे हेच म्हणतात," बाई म्हणाल्या.

हे वाक्य तर चेकरसाहेबांचंच होतं. उभ्या आयुष्यात किती वेळा वापरलं असेल, देव जाणे. बाई जरा मवाळ झाल्या. "हे बघा, उद्या सुनावणी आहे. तुमचं म्हणणं खरं असेल तर तिथे सगळ्यांसमोर सांगा. तोंडी, नाव घेऊन. मग मी स्वतः येऊन नमुना भरीन. तसं झालं नाही तर किल्लीवाल्यांचा अर्ज उद्या फेटाळला जाईल. टाकी ठीक असूनही पाणी खराब म्हणजे जमीनच वाईट, असाच अर्थ निघतो. मग तिथे कधीच बांधता येणार नाही."

कधीच. चेकरसाहेब घरी गेले नाहीत. ते शेजारच्या फाटकातून आत शिरले, उकरलेल्या खड्ड्याला वळसा घातला आणि जिना चढायला लागले. जिना अरुंद आणि उभा होता, वळणावर कठड्याला धरूनच चढावं लागत होतं. वर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली.

वरच्या खोलीत खिडकीजवळ खाट होती आणि खाटेवर म्हातारी. वाळलेली, पण डोळे लखलखीत. किल्लीवाला जमिनीवर बसून जेवत होता. तो ताटावरून उठायला लागला.

"काका, तुम्ही? बसा, बसा. पाणी संपलं का?"

"उठू नकोस," चेकरसाहेब म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरेतुरे केलं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. "ऐक. माझ्या विहिरीला काही झालेलं नाही. मी बाटलीत डबक्यातलं पाणी भरलं होतं. तुझी टाकी चांगली आहे. सगळा खोटारडेपणा माझा आहे."

किल्लीवाला घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच हसला.

"काका, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात."

"काय?"

"माझं मन राखायला म्हणताय ना हे? मला इतके दिवस झोप नाही, हे वहिनींनी सांगितलं असेल तुम्हाला. पण असा आळ स्वतःवर नका घेऊ. झालंय ते माझ्याकडूनच झालंय, कुठूनतरी."

चेकरसाहेबांनी डोक्याला हात लावला. ऑफिसात संशयानं विश्वास ठेवला नाही, इथे चांगुलपणानं ठेवला नाही. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. आता खरं बोलायला लागले, तर गिऱ्हाईकच मिळेना. त्यांनी बनियनचा तुकडा सांगितला, दुपारची वेळ सांगितली, कालच्या तिकिटाचा खोटा प्रवासी सांगितला. किल्लीवाला मान हलवत राहिला, समजूत काढावी तसा.

"खरं बोलतायत ते," म्हातारी म्हणाली.

"आई, काहीतरीच काय!"

"त्या दुपारी मी खिडकीत होते. हे तांब्या घेऊन डबक्याकडे वाकलेले दिसले. मला वाटलं, झाडांना घालायला नेत असतील. मला दुसरं करायलाच काय असतं? दिवसभर खिडकीतून बघायचं." तिनं मुलाकडे बघितलं. "तू सगळ्या जगावर विश्वास ठेवतोस ना रे? मग आज यांच्यावर ठेव. आज ते खरं बोलतायत."

किल्लीवाल्यानं घास ताटात ठेवला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदलताना बघणं चेकरसाहेबांना सोसेना. त्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता विचारात पडला होता. गेल्या काही दिवसांतली एकेक गोष्ट आठवून ती पुन्हा तपासून बघावी, तसा. लोकांचे टोमणे. बाईंचं ते 'चोरून'. खड्ड्यातला मैला.

"का पण?" त्यानं विचारलं. "मी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही," चेकरसाहेब म्हणाले. "काहीच केलं नव्हतंस. मला वाटलं, काहीतरी करशील."

खालून मजुराच्या फावड्याचा आवाज येत होता. तो रिकाम्या टाकीभोवतीची माती पुन्हा ओढून भरत होता.

"उद्या सुनावणी आहे," शेवटी चेकरसाहेब म्हणाले. "मी सगळ्यांसमोर सांगणार. गुन्हा दाखल झाला तर होऊ दे. मग बाई स्वतः नमुना भरतील आणि तुझी खोली होईल."

म्हातारीनं खाटेवरून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. कुणीतरी आपल्याला असं न्याहाळतंय, याची चेकरसाहेबांना सवय नव्हती.

"अरे," ती मुलाला म्हणाली, "उद्या तू यांना घरून घेऊनच जा. अशी माणसं मधल्याच स्टॉपला उतरतात."

"नको गं आई," किल्लीवाला म्हणाला. ताटाकडे बघतच म्हणाला, पण म्हणाला. "सांगितलंय ना त्यांनी. येतील ते."

चेकरसाहेब दारापर्यंत गेले होते. तिथेच थांबले. निम्म्या वाटेवरून परतलेली आपली पावलं त्यांना आठवली, फाटकावर विचारलेला पंपाचा परवाना आठवला, सूनबाईला सांगितलेली पाण्याची चव आठवली. हा जिना उतरून आपल्या दारात जाईपर्यंत आपण काय काय निमित्तं शोधून काढू, तेही त्यांना दिसायला लागलं. एकेक करत सगळी दिसली. इतकी वर्षं दुसऱ्यांचे खिसे तपासले होते, आज पहिल्यांदा स्वतःचा हाती लागला होता.

ते मागे वळले.

"आई म्हणतात तसंच कर," ते म्हणाले. "सकाळी लवकर ये, आणि मी काहीही सांगितलं तरी मला घेऊनच चल. माझा मला भरवसा नाही."